तळचे पाणी

गोंदिया जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला समुद्राची ओळख उशिरा होते. पाण्याची मात्र फार लवकर होते. आमच्याकडे गावाची खूण देवळाच्या कळसाने सांगत नाहीत, तलावाच्या पारीने सांगतात. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा ही नावे पर्यटकांना ठाऊक झाली. पण ज्यांची नावे नकाशावर ठळक अक्षरांत येत नाहीत असे तलाव आणि बोड्या गावोगावी पसरलेल्या आहेत. त्यांतील कितीतरी कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी घातला, असे परंपरा सांगते. आणि ज्या सात टेकड्यांच्या कुशीत ते पाणी अडले त्यांना लोक आजही 'सात बहिणी' म्हणतात. बांध घालायला त्या बहिणींनी साहाय्य केले अशी श्रद्धा आहे. पाणी अडवणे हे एकट्या पुरुषाच्या हातचे काम नव्हे, हे त्या श्रद्धेने किती सहज सांगून टाकले आहे!

आमच्या गावचा तलाव एवढा मोठा नव्हता. पारीवर उभे राहून हाक मारली तर पलीकडच्या काठावरचा गुराखी 'ओ' देई. पण गावाच्या धानाच्या बांध्या त्याच्यावर अवलंबून होत्या, आणि तलावाचे पाणी सोडण्याचे काम माझ्या बाबांकडे होते. जुन्या मालगुजारी तलावांत पाणी सोडण्यासाठी 'तुडुम' असे. पारीला लागून पाण्यात उतरत गेलेली दगडी बांधणी, तिच्यात एकाखाली एक अशी भोके, आणि प्रत्येक भोकात ठोकून बसवलेला लाकडी खुंट, अशी आमच्या तुडुमाची रचना होती. भोकातून आत आलेले पाणी पारीच्या पोटातून पलीकडच्या पाटात उतरे. नियम एकच होता, पण तो वेदवाक्यासारखा पाळला जाई : आधी वरचे भोक उघडायचे, पाणी त्याच्या खाली गेले की त्याखालचे, आणि सगळ्यांत तळचे भोक अगदी शेवटी, तेही पाऊस फिरकलाच नाही तर. भरल्या तलावात तळचा खुंट काढला तर वर उभ्या असलेल्या सगळ्या पाण्याचा दाब त्या भोकाकडे धाव घेतो. तो खुंट पुन्हा बसवता येत नाही. काढणाऱ्याचा हात वा पाय ओढला गेला तर तोही सुटत नाही.

बाबांचे पाण्याविषयीचे ज्ञान शब्दांत फारसे येत नसे. पाटाच्या तोंडाशी ते अनवाणी उभे राहत आणि पाण्याच्या स्पर्शावरून ते कोणत्या भोकाचे आहे हे सांगत. मी दहा-अकरा वर्षांचा असताना त्यांनी मला पोहायला शिकवले. आश्विनातल्या दुपारी तलावात उभे तरंगू लागले की छातीपर्यंतचे पाणी कोमट लागे आणि पावले मात्र एखाद्या विहिरीत बुडवावीत तशी गारठत. मी पाय वर ओढून घेई. तेव्हा ते म्हणाले होते, "वरचं पानी हलकं राह्यते, खालचं जड. दोघं एकावर एक राह्यतेत, पन मिसळत नाई." एका तलावात दोन तलाव असतात, हा माझ्या आयुष्यातला विज्ञानाचा पहिला धडा होता. तो धडा होता, हे मला कळायला मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली.

माय गेली त्या वर्षी मी गोंदियाला महाविद्यालयात शिकत होतो. तेव्हा गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून तो वेगळा झाला, त्याच्या आधीची ही गोष्ट. भाद्रपदात तापाचे निमित्त झाले आणि चार दिवसांत माय गेली. बाबा रडले नाहीत. सरण रचताना त्यांनी लाकडे नीट लावून घेतली. तेरवीच्या पंगतीत कोणाच्या पानात भात कमी आहे याकडे त्यांचे लक्ष होते. आलेले पाहुणे जाताना म्हणत, "मोठा धीराचा माणूस." मला त्या धीराचा राग आला. मी वीस वर्षांचा होतो. दुःख दिसले पाहिजे, नाही तर ते नाही, असा माझ्या वयाचा हिशेब होता. तेरवी आटोपताच मी गोंदियाला परतलो, ते मनात एक अढी घेऊनच.

त्यानंतर काही आठवड्यांनी पावसाने पाठ फिरवली. हलके धान हाताशी आले होते. भारी धान निसवण्याच्या बेतात होते आणि त्याला पाणी हवे होते. गावाने तलाव सोडायचे ठरवले. बाबा नेहमीप्रमाणे तुडुमाच्या पायऱ्या उतरले. पारीवर पाचपंचवीस माणसे होती. वरचे भोक कमरेएवढ्या पाण्यात होते, पण बाबा तेथे थांबले नाहीत. त्यांनी बुडी मारली. दोन पुरुष पाण्याखाली जाऊन त्यांनी तळचा खुंट काढला आणि बराच वेळ ते वर आलेच नाहीत. जवळच डोंग्यात असलेल्या एका धीवरकाकांनी उडी टाकून त्यांना वर आणले. त्यांचे ओठ निळे पडले होते आणि पोटरी दगडावर खरवडून निघाली होती. ते एवढेच म्हणाले, "चुकलो."

तळचे भोक तीन रात्री वाहत होते. गवताचे पेंढे, मातीची पोती, सगळे उपाय करून ते बंद होईपर्यंत तलाव निम्म्याच्या खाली गेला. जवळच्या बांध्यांत पाणी नको तितके साचले आणि शेवटच्या टोकाच्या बांध्यांना पुढच्या पाळीचे पाणी मिळाले नाही. तेथले भारी धान पोचट राहिले. गावाची बैठक बसली. कोणी अपशब्द बोलले नाही. पण तुडुमाचे काम दुसऱ्याकडे गेले. दिवाळीला मी घरी आलो तेव्हा शेवटच्या टोकाला शेत असलेला माझा एक बालमित्र माझ्याशी बोलला नाही. त्या रात्री मी बाबांना विचारले, "इतकी वर्षं काम केलं, आणि खालचं भोक आधी कसं उघडलं?" माझ्या आवाजात प्रश्नापेक्षा आरोप अधिक होता. बाबांनी कंदिलाची वात खाली केली आणि म्हणाले, "तळचं पानी थंड होतं बा." वय झाले, लक्ष राहत नाही, असा अर्थ मी त्यातून काढला. माणसाला आपल्या सोयीचा अर्थ फार लवकर सापडतो. पुढे बाबा कित्येक वर्षे जगले. आम्ही शेताबद्दल बोललो, बैलांबद्दल बोललो, माझ्या नोकरीबद्दल बोललो. त्या दिवसाबद्दल मात्र कधीही नाही. २००९ साली ते गेले.

एप्रिल २०२१ मध्ये, साथीच्या दुसऱ्या लाटेने आम्हांला घरात कोंडून घातले होते, तेव्हा मी एक बातमी वाचली. इंडोनेशियाच्या नौदलाची 'नांगाला' ही पाणबुडी २१ एप्रिल रोजी बाली बेटाच्या उत्तरेला बेपत्ता झाली. काही दिवसांनी ती ८००हून अधिक मीटर खोलीवर तुकडे झालेल्या अवस्थेत सापडली. आत ५३ माणसे होती. वर वादळ नव्हते, शत्रू नव्हता. नौदलाच्या अधिकाऱ्यांनी जी संभाव्य कारणे सांगितली त्यांत एक शब्द होता : अंतर्गत लाट. समुद्राच्या पृष्ठावर न दिसणारी, पाण्याच्या आतून जाणारी लाट. ती पाणबुडीला क्षणार्धात खोल ओढून नेऊ शकते. हेच कारण होते असे सिद्ध झालेले नाही. पण ती ओळ वाचताच माझ्या पोटऱ्यांना आश्विनातल्या तलावाचा गारठा जाणवला, आणि मी त्या लाटेचा शोध घेऊ लागलो.

समुद्रही आमच्या तलावासारखाच थरांचा असतो. सूर्याने तापलेले, पावसाने आणि नद्यांनी गोडावलेले पाणी हलके, म्हणून वर. थंड आणि अधिक खारे पाणी जड, म्हणून खाली. दोहोंमध्ये एक सीमा असते. पृष्ठावरची लाट ही हवा आणि पाणी यांच्या सीमेवरची लाट होय. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड असल्यामुळे वर उचललेले पाणी तत्काळ खाली खेचले जाते. म्हणून ती लाट चपळ असते आणि तिची उंची आवरलेली राहते. पाण्यातल्या दोन थरांच्या घनतेत मात्र हजारात काही भागांचाच फरक असतो. वरच्या थरात घुसलेल्या खालच्या पाण्याला परत खेचणारी ओढ अगदी क्षीण असते. परिणामी ही लाट संथ असते आणि तिची उंची कल्पनेपलीकडे जाते. लुझोनच्या सामुद्रधुनीतून दक्षिण चीन समुद्रात शिरणाऱ्या अंतर्गत लाटा २०० मीटरहूनही उंच असल्याचे मोजले गेले आहे. खोल पाण्यात त्यांची गती सेकंदाला सुमारे तीन मीटर, म्हणजे सायकलवरून रमतगमत जाणाऱ्या माणसाएवढी असते. दोनशे मीटर पाणी आत उठते आणि बसते, आणि वर तरंगणाऱ्या नावाड्याच्या हातातला चहा सांडत नाही.

या लाटांशी माणसाची गाठ जुनी आहे. ओळख मात्र नवी. १८९३ साली नॉर्वेचा संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन 'फ्राम' या जहाजातून सायबेरियाच्या किनाऱ्याने जात असता शांत समुद्रात जहाज एकाएकी जणू कोणी धरून ठेवल्यासारखे मंदावले. यंत्र पूर्ण जोराने चालत होते, तरी वेग जवळजवळ नाहीसा झाला. खलाशी अशा पाण्याला 'मृत पाणी' म्हणत. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनच्या एकमन याने प्रयोगशाळेतील टाकीत खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर देऊन त्याचे कारण दाखवले. जहाजाची शक्ती त्याला पुढे नेण्याऐवजी दोन थरांच्या सीमेवर लाटा उठवण्यात खर्च होत होती. वरून पाहणाऱ्याला जहाज आळशी वाटावे. प्रत्यक्षात ते दिसत नसलेल्या पाण्याशी झुंजत होते.

आपल्या देशाच्या पाण्यातही या लाटांचे एक मोठे घर आहे : अंदमानचा समुद्र. निकोबार आणि सुमात्रा यांच्या परिसरात समुद्रतळावर बुडालेल्या डोंगररांगा आहेत. भरती-ओहोटीचे पाणी त्या उंबरठ्यांवरून ये-जा करते, तेव्हा थरांना हिसका बसतो आणि त्यातून अंतर्गत लाटांचे जथे पूर्वेकडे निघतात. भरतीसारख्याच वक्तशीरपणे ते निघत राहतात. एकोणिसाव्या शतकातील नाविकांनी येथील एक विचित्र अनुभव नोंदवला आहे. वारा पडलेला असताना दुरून खळाळणाऱ्या पाण्याचे पट्टे येतात, रात्री त्यांचा आवाज आधी ऐकू येतो, जहाजाच्या कुशीवर ते आदळतात आणि निघून जातात. १९७५च्या जुलै महिन्यात अपोलो-सोयुझ मोहिमेतील अंतराळवीरांनी या समुद्राची छायाचित्रे घेतली. त्यांत शेकडो किलोमीटरवरून हेच पट्टे एकामागे एक ओळीने जाताना दिसले. १९६६ साली स्थापन झालेल्या आणि आज गोव्यात दोना पावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी आज आपलेही वैज्ञानिक समुद्राच्या या थरांचा अभ्यास करतात.

हे वाचताना एका गोष्टीने मला थांबवले. आमच्या तलावाचा सांडवा ज्या नाल्याला मिळतो, तो नाला पुढे वैनगंगेच्या पाण्यात जातो. वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत मिसळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला जाते. गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरी यांनी आणलेल्या गोड्या पाण्यामुळे त्या उपसागराचा वरचा थर हलका राहतो. म्हणजे पाटातून, बांध्यांतून, नाल्यातून उरलेसुरले जे पाणी पुढे गेले असेल, ते आमच्या तुडुमाच्या तळचे जड पाणी समुद्रात पोचल्यावर सर्वांत वरचे, हलके पाणी झाले असेल. जड आणि हलके हे पाण्याचे स्वभाव नव्हेत. ती शेजाऱ्यावरून ठरणारी नाती आहेत.

दिसत नसलेली लाट अंतराळातून दिसते कशी, हा प्रश्न मला सुटत नव्हता. त्याचे उत्तर साधे आहे. आतली लाट पुढे सरकते तेव्हा वरच्या थरातले पाणी काही ठिकाणी एकत्र येते आणि काही ठिकाणी फाकते. जेथे ते एकत्र येते तेथे वाऱ्याने उठलेल्या लहान लहरी दाटतात आणि पाणी खरखरीत दिसते. जेथे ते फाकते तेथे त्या लहरी विरतात आणि पाणी वाजवीपेक्षा गुळगुळीत होते. खरखरीत, गुळगुळीत, पुन्हा खरखरीत, असे ते पट्टे असतात. जाणकार केवळ खळबळीकडे पाहत नाहीत. कारणाशिवाय आलेली शांतता हीसुद्धा त्यांच्या लेखी खूणच असते.

हे वाक्य मी वहीत उतरून घेतले आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो. मग देवरीला दिलेल्या धाकट्या बहिणीला फोन लावला. त्या वर्षी ती चौदा वर्षांची होती आणि बाबांजवळ घरी ती एकटीच होती. मी आडवळणाने विचारले, तुडुमाच्या दिवशी धीवरकाका डोंगा घेऊन इतक्या जवळ कसे होते? पाणी सुटायच्या दिवशी तर मासे धरणारे पाटाच्या बाजूला असतात. पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "मीच सांगतलं होतं त्याईले. म्हटलं, काका, आज बाबावर ध्यान ठेवा."

"तुला कसं कळलं?"

"बाबानं बैलायसंगं बोलनं सोडलं होतं, दादा."

बाबा बैलांशी बोलत, हे मला माहीत होते. पहाटे वैरण टाकताना ते त्यांच्याशी पावसाबद्दल, बाजारभावाबद्दल, मायने रात्री केलेल्या भाजीबद्दलही बोलत. माय आतून हसत असे. माय गेल्यानंतर काही दिवस ते बोलणे चालू होते. मग एके सकाळी थांबले. घर शांत झाले. पाहुण्यांना ज्यात धीर दिसला आणि मला ज्यात कोरडेपणा दिसला, त्या शांततेत चौदा वर्षांच्या मुलीला भीती वाटली. आणि ती भीती कोणालाही न समजावता ती पारीकडे धावत गेली होती. मी चार पुस्तके वाचलेला मोठा भाऊ होतो. मला एका पाणबुडीची बातमी वाचावी लागली, तेव्हा कुठे विचारायचे सुचले.

बाबा त्या दिवशी का उतरले, हे मी आजही सांगू शकत नाही. चुकून उतरले असतील. तळच्या थंड पाण्यात घटकाभर कोणाची नजर नको, एवढेच त्यांना हवे असेल. किंवा वर येण्याची इच्छाच नसेल. यांपैकी एक निवडून त्यांच्या नावावर लिहिण्याचा अधिकार मला नाही. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांचे धान गेले हे खरे, आणि ते बाबांमुळे गेले हेही खरे. आतल्या लाटेची कहाणी सांगून ते नुकसान भरून निघत नाही. पण 'वय झाले, लक्ष राहत नाही' हा माझा निकाल मात्र खोटा होता. जहाज आळशी नव्हते.

समुद्राची उपमा माणसाला लावताना जपले पाहिजे, हेही मला ठाऊक आहे. समुद्राला शोक नसतो. उलट उथळ उतारावर येऊन या लाटा फुटतात तेव्हा थर घुसळले जातात, खालचे पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते, सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि मासे तेथे जमतात. माणसाच्या आतले पाणी वर यायला मात्र कोणीतरी विचारावे लागते, आणि ते वेळेवर विचारावे लागते.

गेल्या आश्विनात मी गावी गेलो. तुडुमाच्या जागी आता लोखंडी दार आहे. चाक फिरवले की पाणी सुटते, कोणाला बुडी मारावी लागत नाही. जुन्या बांधणीच्या वरच्या दोन पायऱ्या तेवढ्या पाण्याबाहेर दिसतात. बहीण बरोबर होती. आम्ही दोघे त्या पायरीवर पाय सोडून बसलो. ऊन कलले होते, वारा अजिबात नव्हता, आणि तलावाच्या मध्यभागी आरशासारखा एक लांबट पट्टा पडला होता. वरचे पाणी कोमट होते. मी आणखी एक पायरी उतरलो, मग आणखी एक. पावलांना गारठा लागला तेव्हा मी या वेळी पाय वर ओढून घेतले नाहीत. मागून बहिणीने विचारले, "दादा, बरा आहेस ना?"

मी तिला खरे काय ते सांगितले.